एका खोलीत सहा कुटुंबं

जनगणनेत कुटुंब ठरतं ते चुलीवरून. नेहमी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. मग ती सख्खी असोत, चुलत असोत की एकमेकांची कुणीच नसोत. दोन भाऊ एकाच वाड्यात समोरासमोर राहत असतील, पण जावाजावांचं पटत नसल्याने भाकऱ्या वेगळ्या थापल्या जात असतील, तर ती दोन कुटुंबं. आपल्याकडे ‘त्यांनी वेगळी चूल मांडली’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. सरकारी व्याख्यांमध्ये इतकी शहाणी व्याख्या मी दुसरी पाहिली नाही. रेशनकार्डापेक्षा, सातबाऱ्यापेक्षा आणि लग्नपत्रिकेवरच्या निमंत्रकांच्या यादीपेक्षा ती खरी आहे.

गोची होते ती चूलच नसलेल्या माणसांची.

मी शाळेत शिक्षिका होते, आणि शिक्षकी म्हटली की निवडणूक, पोलिओ, जनगणना हे ओघानंच आलं. २०११च्या जनगणनेत माझ्या वाट्याला पुण्यातल्या सदाशिव पेठेचा एक तुकडा आला. ‘मजा आहे तुमची, जुनी घरं, निवृत्त माणसं, बसायला खुर्ची मिळेल,’ असं स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणाल्या. खुर्ची मिळाली, क्वचित चहाही मिळाला. पण पेठेत नेमकी किती माणसं राहतात हे खुद्द पेठेलाही ठाऊक नसतं, हे तिथे कळलं. कारण खालच्या मजल्यावर आजी-आजोबा आणि वरच्या मजल्यावर कॉटबेसिस.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते. कॉटबेसिस म्हणजे खोली भाड्याने नाही, खाट भाड्याने. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, धुळे अशा जिल्ह्यांतून आलेली मुलं एका खोलीत पाच-सहा लोखंडी कॉट टाकून राहतात. कॉटखाली एक पत्र्याची पेटी किंवा बॅग, उशाशी चालू घडामोडींचे अंक, भिंतीवर भारताचा नकाशा आणि खिळ्याला अडकवलेला डबा. दिवसभर मुलं अभ्यासिकेत. मी दुपारी गेले की खोलीला कुलूप. सकाळी साडेसहाला नाहीतर रात्री दहानंतर गेलं तरच गाठ पडायची. खालच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ती राहत नाहीत हो इथे, नुसती झोपतात.”

काकूंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. झोपायला इथे, बसायला अभ्यासिकेत, जेवायला मेसमध्ये, कपडे महिन्याकाठी गावी. पण माणूस कुठेतरी मोजायला तर हवा. मग मी व्याख्या काढून बसले. सहा मुलं, एक खोली, पण जेवण? दोघांची मेस टिळक रस्त्याच्या बाजूला, एकाचा डबा, एक कधी वडापाव तर कधी चहा-बिस्किटावर, एकाकडे गावाहून आलेलं पीठ असायचं आणि तो कोपऱ्यात स्टोव्हवर स्वतःपुरतं करायचा, सहावा एका मावशींच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवायचा. एकत्र चूल नाही. म्हणजे नियमाप्रमाणे सहा जण, सहा कुटुंबं, सहा वेगळे तक्ते, आणि प्रत्येक जण आपल्या एकट्याच्या कुटुंबाचा प्रमुख. त्यांतल्या एकाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, घरी सांगू नका, वडील म्हणतील आधी पोस्ट काढ, मग प्रमुख हो.”

पलीकडच्या इमारतीत अगदी उलटं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच मुलं, सगळी नोकरीवाली, एकमेकांच्या नात्यातली नाहीत, पण पाळीपाळीने एकत्र स्वयंपाक करणारी. हे एक कुटुंब. आता कुटुंब म्हटल्यावर त्याला प्रमुख पाहिजे. घरातले लोक ज्याला प्रमुख मानतात त्याचं नाव पहिल्या ओळीत, बाकीच्यांचं त्याच्याशी नातं पुढच्या ओळींत. पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. वयाने मोठा कोण, भाडं कोण भरतं, करार कुणाच्या नावावर, अशी चर्चा झाली. शेवटी एकाने विचारलं, “सिलिंडर कुणाच्या नावावर आहे रे?” आणि प्रमुख ठरला. पाच मिनिटांत. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे हा प्रश्न तीस वर्षं सुटलेला नाही.

घरमालकांची तऱ्हा वेगळीच. वरच्या मजल्यावर किती जण राहतात हे सांगितलं तर घरपट्टी वाढेल, पाण्याचं बिल वाढेल, ही भीती. मी प्रत्येकाला सांगायची, जनगणना कायदा १९४८, त्यातलं कलम १५, ही माहिती कुणाला बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. लोक मान डोलवायचे आणि सांगायचे नाहीत. एका गृहस्थांनी वर राहणारे सगळे आपले भाचे आहेत असं ठासून सांगितलं. सहा भाचे, सहा आडनावं, सहा जिल्हे.

अशा खोल्यांतून किती जण निसटत असतील! २०११च्या मोजणीनंतर जी पडताळणी पाहणी झाली, तिच्यात देशभरात हजारी २३ माणसं सुटल्याचा अंदाज निघाला. हजारी तेवीस म्हणजे आमच्यासारख्या एका प्रगणकाच्या वाट्याच्या वस्तीत पंधरा-सोळा. माझ्या गटात ती कुठे असतील ते मला बरोबर ठाऊक आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला.

वसतिगृहाचं काम त्या मानाने सोपं वाटतं. मोठी इमारत, एक मेस, एक रेक्टर. याला जनगणनेत संस्थात्मक कुटुंब म्हणतात: नात्याने एकमेकांशी न बांधलेली माणसं, जी एखाद्या संस्थेत राहतात आणि तिच्या भटारखान्यातलं जेवतात. वसतिगृह, तुरुंग, आश्रम, वृद्धाश्रम, अनाथाश्रम, भिक्षेकरीगृह सगळी या एकाच डब्यात. रेक्टर मॅडमनी रजिस्टर पुढे केलं, “यावरून उतरवून घ्या, मुलींचा अभ्यास बुडवू नका.” पण रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, गाव आणि पालकांचा फोन. तक्त्यात एकोणतीस प्रश्न. धर्म, मातृभाषा, येणाऱ्या इतर भाषा, याआधी कुठे राहत होता, कशासाठी आलात, काम करता का. ते रजिस्टरला कुठून ठाऊक असणार? मग रात्रीच्या जेवणानंतर मेसच्या टेबलावर बसले आणि मुलींची रांग लागली.

त्या रांगेत मला एक गोष्ट दिसली ती घराघरांत दिसली नव्हती. घरी दार उघडतो तो सगळ्यांच्या वतीने बोलतो. बायकोचं वय नवरा सांगतो, सुनेचं शिक्षण सासू सांगते, ‘ती काही करत नाही’ हेही दुसरंच कुणीतरी सांगतं, आणि आत ती कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. वसतिगृहात प्रत्येकीने आपलं आपण सांगितलं. नंदुरबारकडची एक मुलगी मातृभाषा म्हणून आधी ‘मराठी’ म्हणाली. मागच्या मैत्रिणीने कोपराने ढोसलं. मग ती म्हणाली, “पावरी लिहा.” मी पावरी लिहिलं. माणूस सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, हा आमच्या प्रशिक्षणातला नियमच होता. पुढे आकडे छापताना पावरी ही भिली-भिलोडीच्या गटात जाते, ते वेगळं. पण तिच्या घरी कदाचित दारातल्या कुणीतरी ‘मराठी’ सांगून विषय संपवला असता.

रांगेचा तोटाही तितकाच. पुढच्या-मागच्यांना ऐकू जातं. २०११ साली जातीचा प्रश्न फक्त अनुसूचित जाती आणि जमातींपुरता होता: आहात का, असाल तर जातीचं किंवा जमातीचं नाव. तेवढाही माणसाला अडचणीत आणायला पुरेसा व्हायचा. कॉटबेसिसच्या त्या खोलीत पाच जणांनी ‘नाही’ सांगितलं. सहावा म्हणाला, “मॅडम, तुम्ही निघताना खाली येतो.” आला. जिन्यात, दिवा न लावता, हळू आवाजात जातीचं नाव सांगितलं आणि म्हणाला, “खोलीत माहीत नाही. मालकांनाही माहीत नाही.” त्याचं आडनाव गावावरून पडलेलं होतं, त्यामुळे ते निभून गेलं होतं. मी तक्ता जिन्याच्या कठड्यावर ठेवून भरला.

आता २०२७च्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजली जाणार आहे, १९३१नंतर पहिल्यांदाच. विचारायलाच हवी असं माझं मत आहे, आकडे नसताना भांडत बसण्यापेक्षा आकडे घेऊन भांडावं. पण आपापल्या घरात बसून जात सांगणं वेगळं आणि आठ कॉटच्या खोलीत सांगणं वेगळं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, तिथे हा प्रश्न पाटीवरच सुटलेला असायचा. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत तो आडनाव विचारून सोडवला जातो, आणि काहींच्या बाबतीत खोली ‘आत्ताच गेली’ असते. प्रगणकांना प्रशिक्षणात मोबाइल ॲप कसं उघडायचं ते दोन-दोनदा शिकवतात. जिन्यात उतरून कसं विचारायचं, हेही एकदा शिकवावं.

वृद्धाश्रमाबद्दल लिहावं की नको असं वाटत होतं, कारण त्यावर आपल्याकडे भरमसाठ गहिवर सांडलेला आहे. पण एक रकाना सांगितल्याशिवाय राहवत नाही. लग्न झालेल्या, विधवा, घटस्फोटित अशा सर्व स्त्रियांना विचारायचं: आजवर जिवंत जन्मलेली मुलं किती, आणि आज हयात किती, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. घरी हा प्रश्न विचारताना मी जरा जपून विचारायची, कारण गेलेल्या मुलाची आठवण निघते. वृद्धाश्रमात एका आजींनी खणखणीत सांगितलं, “झाली चार, आहेत चार. लिहा.” मी लिहिलं. त्या माझ्या पेनाकडे बघत होत्या. “पुढचं नाही विचारत?” पुढचा रकाना नव्हता. “मग बरंय,” म्हणाल्या आणि शेजारच्या बाईंना बसायला जागा करून दिली.

त्यांचं नातं मात्र लिहायचं होतं, कुटुंबप्रमुखाशी. तिथे सगळ्यांचं एकच: नाते नाही.

मोजणीतली दुसरी मोठी अडचण म्हणजे, हीच माणसं त्यांच्या गावी कुणीतरी मोजत असतं. नियम साधा आहे. २०११ला मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी, आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी. या सगळ्या काळात जो घरी नव्हता, त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथे आहे तिथे मोजला जाईल. हा नियम आईला सांगून पाहा. माझी एक मैत्रीण मराठवाड्यात प्रगणक होती, ती सांगायची, “घरात किती माणसं” विचारलं की बाई पुण्यातला मुलगा, औरंगाबादची हॉस्टेलवरची मुलगी आणि सैन्यातला दीर धरून आकडा सांगणार. त्यांतली तिघं वगळली की चेहरा असा व्हायचा की जणू हिने त्यांचं रेशनच कापलं. एका माउलीने विचारलं म्हणे, “त्याचं ताट रोज नसलं तरी पाट आहे ना घरात?” नियमपुस्तिकेत याला उत्तर नाही.

बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांचं तर आणखी विचित्र. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर, काही कर्नाटकात. घरी म्हातारी माणसं आणि दाराला कडी. नियमाप्रमाणे ते कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे हंगामापुरत्या झोपडीत, मोजले जायला हवेत. कोप्या शेजारी शेजारी, पण प्रत्येक कोपीपुढे तीन दगड मांडलेले, म्हणजे प्रत्येक कोयत्याचं, ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचं, स्वतंत्र कुटुंब. व्याख्येत चोख बसतं. फक्त फड हलला की कोप्या हलतात, आणि घरयादीचा, म्हणजे माणसं मोजण्याआधी घरं नोंदवण्याच्या टप्प्याचा, नकाशा आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काढलेला असतो, जेव्हा तिथे नुसतं रान होतं.

पूर्वी हे सगळं एका रात्रीत उरकायचे. १८८१च्या १७ फेब्रुवारीपासून १९३१च्या २६ फेब्रुवारीपर्यंत दर दहा वर्षांनी एक रात्र ठरायची, शक्यतो चांदण्याची, जत्रा-लग्नांच्या तिथी टाळून, आणि माणूस त्या रात्री जिथे सापडेल तिथला. मला नेहमी गिरणगावाची ती रात्र कशी गेली असेल असं वाटतं. एका खोलीत कोकणातले आणि घाटावरचे पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने झोपणारे. दिवसपाळीचे खोलीत, रातपाळीचे गिरणीत, उरलेले गॅलरीत आणि फुटपाथवर. आणि जेवण सगळ्यांचं तिसऱ्याच चाळीतल्या खाणावळवालीकडे. १९४१पासून एका रात्रीचा हट्ट सोडला आणि मोजणीचा काळ वाढवला. फक्त बेघरांसाठी ती एक रात्र अजून शिल्लक आहे. २०११ला २८ फेब्रुवारीची. त्या रात्री देशभरात १७ लाख ७३ हजार माणसं उघड्यावर मोजली गेली. लष्कराच्या बराकीत मात्र आमच्यासारख्याला प्रवेश नाही, त्यांचा स्पेशल चार्ज, म्हणजे मोजणीचा स्वतंत्र विभाग, असतो, ते त्यांचं ते बघतात.

माझी खरी तक्रार इथून पुढे आहे.

घरयादीच्या टप्प्यात घराबद्दल विचारतात: छप्पर कशाचं, पाणी कुठून, शौचालय आहे का, न्हाणीघर आहे का, स्वयंपाक कशावर. २०११च्या त्या आकड्यांवरून केवढी चर्चा झाली होती. देशातल्या फक्त ४६.९ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय आणि मोबाइल मात्र त्याहून जास्त घरांत, असे मथळे आले होते. पण ते तक्ते नीट उघडून पाहा. वर बारीक अक्षरात लिहिलंय: संस्थात्मक कुटुंबं वगळून. म्हणजे वसतिगृहातली मुलगी माणूस म्हणून मोजली जाते, तिची भाषा, धर्म, शिक्षण सगळं नोंदलं जातं. पण ज्या इमारतीत ती राहते तिथे किती मुलींमागे एक संडास आहे, पाणी किती वाजता येतं, हे त्या राष्ट्रीय आकड्यात नाही. आदिवासी भागातल्या शासकीय आश्रमशाळांमध्ये सहा-सात वर्षांची मुलं वर्षातले दहा महिने राहतात. गावच्या घरात ती मोजायची नाहीत, कारण ती आश्रमशाळेत आहेत. आश्रमशाळेत ती मोजायची, पण तिथला नळ मोजायचा नाही. मूल दोन्हीकडून पाण्यावाचून.

आश्रमशाळांच्या तपासण्या आदिवासी विकास विभाग करतो, तुरुंगांचे अहवाल वेगळे निघतात, असं कुणी म्हणेल. निघतात, मान्य. पण जनगणनेचा तक्ता कुणीही उघडून शेजारच्या जिल्ह्याशी ताडून बघू शकतं, ती गोष्ट खात्याच्या फायलीत नसते. शिवाय शहरात आता सगळ्यांत जास्त माणसं कोंबलेली कुठे आहेत? झोपडपट्टीची निदान स्वतंत्र मोजदाद होते. खासगी वसतिगृहं, पीजी, बांधकामावरच्या लेबर कॅम्पमधले पत्र्याचे शेड यांची होत नाही.

२०२०च्या १ एप्रिलला आपल्याकडे घरयादी सुरू व्हायची होती. अमेरिकेतही नेमका तोच जनगणनेचा दिवस. माझा भाचा तिकडे शिकायला होता. करोनामुळे विद्यापीठाने डॉर्म रिकामे केले आणि तो न्यू जर्सीत एका मराठी कुटुंबाच्या तळघरात जाऊन राहिला. तिकडच्या खात्याने सांगितलं, एरवी जिथे राहिला असता तिथेच, म्हणजे कॉलेजातच मोजा. रिकाम्या डॉर्ममध्ये भाचा मोजला गेला. आपण इकडे मोजणीच पुढे ढकलली, ती तब्बल सहा वर्षं. तेव्हा अठरा वर्षांची असलेली मुलं आता कॉटवरून उठून कुठल्या कुठे गेली, पण कागदावर अजून आईच्या मांडीवरच आहेत. शेवटचे आकडे २०११चे.

आता नव्या जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ची मध्यरात्र. बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोयही आहे. त्यामुळे पुण्यातला मुलगा इकडे स्वतःला भरेल आणि तिकडे त्याची आईही त्याला भरेल, अशी मला दाट शंका आहे.

माझी भाची पिंपरीकडे शिक्षिका आहे. तिला यंदा ड्यूटी लागली. प्रशिक्षण झाल्यावर रात्री फोन आला. “मावशी, वाकडला एक पीजी आहे. सतरा मुली. स्वयंपाकाला बाई येतात. पण तिघी त्यांचं जेवत नाहीत, इंडक्शनवर स्वतः करतात. मग काय धरायचं?”

“बाईंच्या हातचं जेवतात त्या चौदा एका संस्थेत. त्या तिघी एकत्र करतात की आपापलं?”

“दोघी एकत्र करतात. तिसरी जैन आहे, तिचं भांडंही वेगळं.”

“मग ते एक आणि हे एक. झाली तीन कुटुंबं.”

“आणि त्या दोघींत प्रमुख कोण लिहू?”

“इंडक्शन कुणाचं आहे ते विचार,” म्हटलं, “आणि चौदा जणींना रांगेत उभं करू नकोस. एकेकीला आत बोलव.”